क्वार्टर, सेमिस्टर आणि मध्येच अडकलेली मुलं

क्रेडिट म्हणजे कोर्स किती मोठा आहे ते सांगणारा आकडा. दुसऱ्या कॉलेजातून पाच क्रेडिटचा कोर्स आमच्याकडे आला की तो तीन पूर्णांक तेहतीस क्रेडिटचा होतो. चारचा आला तर दोन पूर्णांक सदुसष्ट. तीनचा आला तर बरोब्बर दोन, आणि मग निदान तेवढ्यापुरतं तरी कुणाला अपूर्णांक समजावून सांगायला लागत नाहीत.

मी अमेरिकेतल्या एका युनिव्हर्सिटीत रजिस्ट्रारच्या ऑफिसमध्ये ट्रान्स्फर क्रेडिटचं काम करते. म्हणजे दुसऱ्या कॉलेजात शिकून आमच्याकडे येणाऱ्या मुलांचे ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे केलेल्या कोर्सची आणि ग्रेडची अधिकृत नोंद, वाचायचे, तिथला कुठला कोर्स आमच्या कुठल्या कोर्सच्या जागी बसतो ते बघायचं, बसत असेल तर सिस्टिममध्ये तसं टाकायचं, शंका असेल तर त्या त्या डिपार्टमेंटला विचारायचं. लांबून हे कारकुनी काम वाटतं आणि त्यातलं बरंचसं आहेही तसंच, पण त्या एका रकान्यात मी काय लिहिते त्यावर समोरच्या मुलाचं एखादं अख्खं सेमिस्टर, त्याची फी, कधीकधी त्याचं मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषयसुद्धा ठरतो, आणि इतकी वर्षं झाली तरी एंटर दाबताना मला ते जाणवतं. जाणवायलाच पाहिजे असं मला वाटतं.

आमच्याकडे सेमिस्टर आहे. साधारण पंधरा आठवड्यांची एक टर्म, वर्षाला अशा दोन, ऑगस्टच्या शेवटी सुरू आणि मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात वर्ष संपलं. पण आमच्याकडे येणारी पुष्कळ मुलं क्वार्टरवाल्या कॉलेजांमधून येतात. तिथे दहा-अकरा आठवड्यांची टर्म, वर्षाला तीन, शिवाय उन्हाळ्यातली चौथी ज्याला घ्यायची त्याला, आणि वर्ष सुरू होतं सप्टेंबरच्या शेवटी आणि संपतं जूनच्या मध्यावर. वॉशिंग्टन राज्यातली कम्युनिटी कॉलेजं, म्हणजे पदवीची पहिली दोन वर्षं जिथे करता येतात ती, क्वार्टरवर चालतात, सिॲटलची युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टनही क्वार्टरवर, पण त्याच राज्यातली वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटी सेमिस्टरवर. कॅलिफोर्नियात तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया ही एकच संस्था, तरी तिचे बर्कली आणि मर्सेड हे कॅम्पस सेमिस्टरवर आणि लॉस एंजेलिस, सॅन डिएगो, डेव्हिस वगैरे क्वार्टरवर. म्हणजे राज्य सोडायचीही गरज नाही, नुसतं कॉलेज बदललं तरी कॅलेंडर बदलू शकतं.

मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. माझ्या ट्रान्सक्रिप्टवर नव्वद क्रेडिट होते, तुमच्या पोर्टलवर साठ दिसतायत, तीस कुठे गेले? विचारताना आवाज चढलेला असतो किंवा मग एकदम बारीक झालेला असतो, आणि दोन्हीचं कारण एकच असतं, दोन वर्षं राबून मिळवलेलं काहीतरी कुणीतरी काढून घेतलंय असं त्यांना वाटत असतं. मी त्यांना कागदावर मांडून दाखवते. क्वार्टरचा एक क्रेडिट म्हणजे आठवड्याला एक तास वर्गात, दहा आठवडे, म्हणजे दहा तास. सेमिस्टरचा एक क्रेडिट म्हणजे तोच आठवड्याला एक तास पण पंधरा आठवडे, म्हणजे पंधरा तास. म्हणून क्वार्टरच्या क्रेडिटला दोनने गुणायचं आणि तीनने भागायचं. पदवीला तिथे १८० लागतात, इथे १२० लागतात. तिथे नव्वद म्हणजे अर्धी पदवी, इथे साठ म्हणजेही अर्धी पदवी. तुझी दोन वर्षं जिथल्या तिथे आहेत, फक्त मोजमाप बदललंय. बहुतेकांना हे पाच मिनिटांत पटतं आणि चेहरा सैल पडतो. उलट दिशेने जाणाऱ्यांना तर सुरुवातीला आनंदच होतो, तीनचे साडेचार झाले म्हणून, तो आनंदही तितकाच पोकळ असतो कारण तिकडे गाठायचा आकडाही दीडपट असतो.

आता हे दोन-दोन हिशेब आले कुठून, तर त्याचा इतिहास मला फार आवडतो आणि तो थोडा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. शिकागो युनिव्हर्सिटी १८९२ साली सुरू झाली तेव्हा तिचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी वर्षाचे चार भाग केले, उन्हाळा धरून, म्हणजे युनिव्हर्सिटी बाराही महिने चालेल आणि विद्यार्थ्याला हव्या त्या क्वार्टरला येता येईल, हव्या त्या क्वार्टरला थांबता येईल. आणि याच हार्परसाहेबांचा हात १९०१ साली इलिनॉयमधल्या जोलिएटला सुरू झालेल्या ज्युनिअर कॉलेजमागेही होता, जे आज अमेरिकेतलं सगळ्यात जुनं सरकारी कम्युनिटी कॉलेज म्हणून ओळखलं जातं. म्हणजे पहिली दोन वर्षं एका ठिकाणी शिका आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत जा ही वाट, आणि ज्याच्यामुळे आज त्या वाटेवर ठेच लागते ते क्वार्टरचं कॅलेंडर, दोन्हींच्या मुळाशी एकच माणूस आहे. त्याचा हेतू मात्र मुलांना ये-जा सोपी व्हावी हाच होता.

क्रेडिट मोजायची पद्धत आली ती त्यानंतर आणि अगदीच वेगळ्या कारणाने. १९०५ साली ॲण्ड्र्यू कार्नेगींनी प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर देऊन फाउंडेशन काढलं. पेन्शन द्यायचं तर कुठली संस्था खरी कॉलेज आहे हे ठरवायला पाहिजे, ते ठरवायला प्रवेशाची अट एकसारखी पाहिजे, म्हणून हायस्कूलच्या अभ्यासाचं एक एकक ठरलं, एका विषयाचे वर्षाला १२० तास. पेन्शन हवं म्हणून कॉलेजांनी ते स्वीकारलं आणि मग तासांवर शिक्षण मोजायची हीच सवय कॉलेजच्या आतही शिरली. मुलाला काय आलं हे मोजायला ते एकक कधी बनलंच नव्हतं. आजही अमेरिकेच्या केंद्र सरकारची २०११ पासून लागू असलेली व्याख्या बघितली तर तिचा पाया तोच आहे, आठवड्याला वर्गात एक तास आणि वर्गाबाहेर किमान दोन तास काम, सेमिस्टरला साधारण पंधरा आठवडे आणि क्वार्टरला दहा ते बारा आठवडे.

इथपर्यंत सगळं गणित आहे आणि गणितात कुणाचं नुकसान नाही. नुकसान होतं ते कोर्सच्या सिक्वेन्समध्ये, आणि हे मला पोटतिडकीने सांगायचंय, कारण मुलं अपूर्णांकांवर भांडत बसतात आणि खरं नुकसान शेजारच्या ओळीत होत असतं.

कॅल्क्युलस घ्या. बऱ्याच क्वार्टर कॉलेजांमध्ये पहिल्या क्वार्टरला डिफरन्शिएशन, दुसऱ्याला इंटिग्रेशन, तिसऱ्याला सिरीज वगैरे, मग पुढे मल्टिव्हेरिएबल. सेमिस्टरमध्ये कॅल्क्युलस वनमध्ये डिफरन्शिएशन पूर्ण आणि इंटिग्रेशनची सुरुवात, टूमध्ये इंटिग्रेशनच्या सगळ्या पद्धती आणि सिरीज. विषय तोच, पुस्तकही कधीकधी तेच, पण एकीकडे तो तीन ठिकाणी कापलाय आणि दुसरीकडे दोन ठिकाणी, आणि कापायच्या जागा जुळत नाहीत. तिन्ही तुकडे घेऊन आलेल्या मुलाला काही त्रास नाही, त्याचे तीन आमचे दोन होतात. एकच तुकडा घेऊन आलेल्याचंही त्यातल्या त्यात बरं. जो दोन तुकडे घेऊन येतो तो मात्र अधांतरी लटकतो. त्याला आमचा पहिला कोर्स पूर्ण येतो आणि दुसऱ्यातला अर्ध्याहून जास्त येतो, पण सिरीज येत नाही, म्हणून त्याला दुसरा कोर्स पुन्हा घ्यायला लागतो आणि त्यातले निम्मे आठवडे तो आधीच शिकलेलं परत ऐकतो.

याला कुणी म्हणेल उजळणी झाली, चांगलंच आहे की. मला हे अजिबात पटत नाही. उजळणी मुलाने स्वतः ठरवून करायची असते, तिच्यासाठी पूर्ण कोर्सची फी भरायला लावणं आणि पदवी एक टर्म लांबवणं हे त्याच्या शिकण्याकडे न बघितल्यासारखं आहे. शिवाय मी बघितलंय की अशी मुलं पहिले काही आठवडे वर्गात ढिली पडतात, सगळं येतंय असं वाटतं, आणि नेमकं नवीन सुरू होतं तेव्हा लक्ष उडालेलं असतं.

फिजिक्समध्ये याहून वाईट होतं. एका मुलीचं सांगते, ओळख पटेल असं काही सांगणार नाही. तिने क्वार्टरवाल्या कॉलेजात इंजिनिअरिंगच्या फिजिक्सची दोन क्वार्टर केली होती, पहिल्यात मेकॅनिक्स, दुसऱ्यात इलेक्ट्रिसिटी आणि मॅग्नेटिझम, दोन्ही लॅबसकट, दोन्हीत उत्तम ग्रेड. तिसऱ्या क्वार्टरला वेव्ह्ज, हीट आणि ऑप्टिक्स होतं, पण मार्चमध्ये आईची नोकरी बदलली, घर हललं आणि तिसरं क्वार्टर राहिलं. आमच्याकडे फिजिक्सचे दोन कोर्स. पहिल्यात मेकॅनिक्स आणि शेवटचे चार आठवडे वेव्ह्ज आणि हीट. दुसऱ्यात इलेक्ट्रिसिटी, मॅग्नेटिझम आणि शेवटचे तीन आठवडे ऑप्टिक्स. म्हणजे तिला आमच्या पहिल्या कोर्समधलं चार आठवड्यांचं येत नव्हतं आणि दुसऱ्यामधलं तीन आठवड्यांचं. दोन्ही कोर्स अपुरे, म्हणून नियमाप्रमाणे दोन्हींना सममूल्य नाही, आणि तिचे दहा क्वार्टर क्रेडिट म्हणजे सहा पूर्णांक सदुसष्ट सेमिस्टर क्रेडिट फिजिक्स इलेक्टिव्ह, म्हणजे कुठल्याही ठराविक कोर्सच्या जागी न बसणारे ऐच्छिक क्रेडिट, या नावाखाली जमा. कागदावर एकही क्रेडिट गेला नाही. आणि प्रत्यक्षात सात आठवड्यांचा अभ्यास राहिला म्हणून तीस आठवड्यांचा परत करायचा.

इलेक्टिव्ह या शब्दाला आमच्या क्षेत्रात मी सगळ्यात जास्त घाबरते. क्रेडिट मान्य झाला असं पत्र येतं, मुलगा खूश होतो, घरी सांगतो, आणि मग अ‍ॅडव्हायझरसमोर बसल्यावर कळतं की मेजरच्या एकाही अटीसाठी तो उपयोगाचा नाही. इंजिनिअरिंगसारख्या मेजरमध्ये मोकळे इलेक्टिव्ह जवळजवळ नसतातच, मग त्या क्रेडिटचं करायचं काय? अमेरिकन सरकारच्या जीएओने, म्हणजे संसदेसाठी तपासणी करणाऱ्या कार्यालयाने, २०१७ च्या अहवालात अंदाज दिला होता की २००४ ते २००९ या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट बुडाले. त्यात सगळी कारणं आली, नुसतं कॅलेंडर नाही. पण त्या आकड्यात फक्त नव्या कॉलेजने न स्वीकारलेले क्रेडिट मोजलेत. स्वीकारून इलेक्टिव्हच्या कोपऱ्यात टाकलेले त्यात धरलेलेच नाहीत.

त्या मुलीला मी सांगितलं की मला दोन्ही कोर्सचे सिलॅबस आण. कॅटलॉगमधली चार ओळींची माहिती चालणार नाही, आठवड्यागणिक काय शिकवलं, पुस्तकाचे कुठले चॅप्टर झाले, लॅबमध्ये कुठले प्रयोग केले, ते सगळं असलेला सिलॅबस. तिच्याकडे होता, आणि तिच्याकडे तो होता म्हणूनच पुढचं झालं. मी ते घेऊन डिपार्टमेंटला गेले. मेल पाठवता आला असता, पण मेलवर अशा गोष्टींना एका ओळीचं उत्तर येतं. तिथल्या प्राध्यापकांनी अर्धा तास बसून दोन्ही सिलॅबस शेजारी-शेजारी ठेवून वाचले, तिच्या लॅबच्या वह्या मागवल्या, आणि म्हणाले की हिने उन्हाळ्यात वेव्ह्ज आणि हीटचे चॅप्टर स्वतः करावेत, आम्ही पहिल्या कोर्सच्या फायनलमधला तेवढा भाग तिला देतो, पास झाली तर पहिला कोर्स मान्य. ती झाली. पहिला कोर्स मिळाला. दुसरा तिला पूर्ण घ्यायला लागला, तीन आठवड्यांच्या ऑप्टिक्ससाठी, कारण दोन्ही कोर्समध्ये अशी सूट द्यायला डिपार्टमेंट तयार नव्हतं. अर्धा न्याय झाला असं मी तेव्हाही म्हणाले आणि आजही म्हणते.

आणि ज्यांच्याकडे सिलॅबस नसतो त्यांचं काय होतं हेही मी रोज बघते. कोर्स संपला की कॉलेजच्या पोर्टलवरून तो कोर्स काही दिवसांनी दिसेनासा होतो, प्राध्यापक दुसरीकडे जातात, डिपार्टमेंटला मेल केला तर उत्तर यायला महिना लागतो, आणि इकडे आमची रजिस्ट्रेशनची तारीख निघून जाते. म्हणून कुणीही कॉलेज बदलायचा नुसता विचार जरी करत असेल तरी माझं कळकळीचं सांगणं आहे की प्रत्येक कोर्सचा सिलॅबस पहिल्याच आठवड्यात डाउनलोड करून स्वतःकडे ठेवा, असाइनमेंट आणि लॅब रिपोर्ट ठेवा, आणि फिजिक्स, केमिस्ट्री, कॅल्क्युलस असल्या साखळीच्या विषयांत साखळी जिथे सुरू केली तिथेच संपवा. एक क्वार्टर थांबून संपवावी लागली तरी थांबा, परवडत असेल तर. परवडत नसेल, किंवा त्या मुलीसारखं घरच हललं तर सल्ले काय कामाचे, तेव्हा समोरच्या कॉलेजनेच हात पुढे करायला हवा.

अपूर्णांकांचा त्रास अगदीच नसतो असंही नाही. चार क्वार्टर क्रेडिटचा इंग्लिशचा कोर्स दोन पूर्णांक सदुसष्ट होतो आणि अट असते तीनची. शहाणी कॉलेजं म्हणतात की कोर्सचा विषय जुळला ना, मग अट पूर्ण, आणि तो उरलेला एक-तृतीयांश एकूण १२० मध्ये कुठेतरी भरून निघेल. काही ठिकाणी मात्र तीन म्हणजे तीन. त्यामुळे विषयाची अट आणि क्रेडिटची अट वेगवेगळी मोजतात का हे आधीच विचारून घ्यावं, आणि उत्तर लेखी घ्यावं. ग्रेडचंही तसंच, क्रेडिट येतात पण जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, बहुतेक ठिकाणी नव्याने सुरू होतो, हे ऐकून काहींना हायसं वाटतं आणि काहींना रडू येतं.

खरा जीव खातात त्या तारखा. क्वार्टरचं स्प्रिंग जूनच्या मध्यावर संपतं, ग्रेड लागतात जूनच्या शेवटाकडे, आणि आमच्याकडे फॉलचं, म्हणजे ऑगस्टमध्ये सुरू होणाऱ्या टर्मचं, रजिस्ट्रेशन तोपर्यंत कधीच सुरू झालेलं असतं. सिस्टिम विचारते की याने प्रीरिक्विझिट, म्हणजे त्याआधी करायचा कोर्स, केलाय का, आणि ट्रान्सक्रिप्टवर लिहिलेलं असतं इन प्रोग्रेस, म्हणून ती अडवते. मुलगा तिकडे फायनल्सचा अभ्यास करतोय आणि इकडे त्याला लागणारे वर्ग भरत चाललेत. त्याचे ग्रेड लागून, अधिकृत ट्रान्सक्रिप्ट येऊन, माझ्या टेबलावरून पुढे जाईपर्यंत सकाळच्या लॅबच्या जागा संपलेल्या असतात, मग तो एक कोर्स पुढच्या टर्मला जातो, त्याच्यावर अवलंबून असलेला त्याच्या पुढच्या टर्मला. याच्यात त्याचा काडीचाही दोष नसतो. तो त्याच्या कॅलेंडरप्रमाणे अगदी वेळेवर असतो.

डिसेंबरमध्ये बदलणाऱ्यांचं बरं असतं, फॉल क्वार्टर डिसेंबरच्या मध्यावर संपतं आणि आमचं स्प्रिंग जानेवारीत सुरू होतं. मार्चमध्ये बदलणाऱ्यांचे सगळ्यात हाल. विंटर क्वार्टर मार्चच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात संपतं आणि पुढचं सेमिस्टर थेट ऑगस्टच्या शेवटी. एवढे महिने हातात कॉलेज नाही, विद्यार्थी म्हणून मिळणारी मदत नाही, कॅम्पसवर राहत असाल तर राहायची जागाही नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना तर आणखी एक घोर, कारण जुन्या कॉलेजने रेकॉर्ड सोडल्याच्या तारखेपासून पाच महिन्यांच्या आत नवीन ठिकाणी वर्ग सुरू व्हायला लागतात, आणि मार्चचा तिसरा आठवडा ते ऑगस्टचा शेवटचा आठवडा हे मोजून बघा, पाच महिने उलटून जातात. म्हणून ती तारीख काय ठेवायची, समर सेशनला यायचं का, हे दोन्हीकडच्या इंटरनॅशनल ऑफिसशी बोलूनच ठरवायचं, मित्राने असं केलं होतं म्हणून आपणही करावं असं तिथे चालत नाही.

युरोपात त्यांनी या प्रश्नाला वेगळीकडून हात घातला आणि मला तो मार्ग जास्त माणुसकीचा वाटतो. १९८९ मध्ये एरॅस्मस या युरोपातल्या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या योजनेतल्या मुलांसाठी ईसीटीएस ही क्रेडिट मोजायची पद्धत सुरू झाली, त्यात टर्म किती आठवड्यांची याला महत्त्वच नाही. पूर्ण वर्षाचा अभ्यास म्हणजे साठ क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे सगळे मिळून पंचवीस ते तीस तास, वर्गातले आणि घरचे धरून. वर्षाचे दोन तुकडे करा नाहीतर तीन, वर्ष साठचंच राहतं. आणि त्याहून मोठी गोष्ट दुसरीकडचं शिक्षण मान्य करण्याबद्दलच्या १९९७ च्या लिस्बन करारात आहे, ज्यात म्हटलंय की शिक्षण मान्य करायचं नसेल तर मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवून द्यायचं. आमच्याकडे हे ओझं मुलाच्या डोक्यावर असतं. सारखेपणा त्याने सिद्ध करायचा, तोही अशा कागदांनी जे जुन्या कॉलेजच्या सर्व्हरवर राहिलेत. सिक्वेन्स कुठे कापायचा हा प्रश्न युरोपातही सुटलेला नाही, पण ज्याने नाकारायचं त्याला कारण द्यायला लागतं, एवढ्यानेही वागणं बदलतं. भारतातही २०२१ पासून अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स आहे, क्रेडिट तिथे जमा राहतात, सात वर्षांपर्यंत चालतात, आणि ते सांभाळून ठेवण्याचा प्रश्न त्याने बराच सोपा केलाय. पण बँकेत जमा असलेल्या क्रेडिटमधून नवीन कॉलेज कुठला कोर्स मान्य करणार हा निर्णय शेवटी तिथलीच माणसं घेणार, आणि ती माणसं सिलॅबस उघडून वाचतील का, सगळं तिथे येऊन थांबतं.

वाचतात, मनात आणलं तर वाचतात, हे मला माहितेय, कारण एका प्रसंगी सगळीच युनिव्हर्सिटी ते करते. स्वतःचं कॅलेंडर बदलायची वेळ येते तेव्हा. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया १९६६ मध्ये क्वार्टरवर गेली आणि बर्कली १९८३ मध्ये सेमिस्टरवर परत आली. ओहायोमध्ये २०१२ साली ओहायो स्टेट आणि तिच्यासोबत आणखी काही सरकारी युनिव्हर्सिट्या क्वार्टर सोडून सेमिस्टरवर आल्या. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीचे क्वार्टरवरचे कॅम्पस एकेक करून बदलले, सॅन लुइस ओबिस्पोचं कॅल पॉली शेवटचं, तिथे २०२६ च्या फॉलपासून सेमिस्टर. असं कॅलेंडर बदलताना कॅम्पस काय काय करतात बघा. मधेच अडकलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला अ‍ॅडव्हायझरसोबत बसवून वेगळा प्लॅन करून देतात, या बदलामुळे तुझी पदवी लांबणार नाही असं आश्वासन देतात, दोन तुकडे झालेल्यांसाठी मधला छोटा ब्रिज कोर्स काढतात, कुठला जुना कोर्स कुठल्या नव्याच्या जागी चालेल याचे तक्ते बनवतात. सगळं जमतं. हजारो मुलांसाठी एकाच वेळी जमतं.

मग एकटी मुलगी एका कॅलेंडरमधून दुसऱ्यात येते तेव्हा तिचा प्रश्न अक्षरशः तोच असतो, तेच दोन तुकडे, तोच राहिलेला तिसरा, आणि तिला मिळतो ऑटोमॅटिक मेल की तुमचं मूल्यमापन पूर्ण झालंय, पोर्टल बघा. संस्था हलली तर संस्था जबाबदारी घेते आणि विद्यार्थी हलला तर विद्यार्थ्याने घ्यायची, हे मला आता सहन होत नाही. एका मुलीसाठी वेगळं काय करणार असं मला मीटिंगमध्ये विचारलं जातं. पण ती एकटी नसतेच, दर फॉलला अशी मुलं येतात, ठरलेल्या कॉलेजांमधून येतात, ठरलेल्या जागी अडकतात. ट्रान्सक्रिप्ट वाचणाऱ्याला ते आधीच दिसत असतं.

म्हणून मी फिजिक्सच्या त्या प्राध्यापकांबरोबर एक प्रस्ताव तयार केलाय. दोन क्रेडिटचा, अर्ध्या सेमिस्टरचा, सात आठवड्यांचा कोर्स, ज्यात फक्त वेव्ह्ज, हीट आणि ऑप्टिक्स. क्वार्टरमधून मेकॅनिक्स आणि इलेक्ट्रिसिटी करून आलेल्या मुलाने तो केला की आमचे दोन्ही कोर्स मान्य. सहा पूर्णांक सदुसष्ट अधिक दोन म्हणजे आठ पूर्णांक सदुसष्ट, आमच्या दोन कोर्सच्या आठपेक्षा जास्तच. कमिटीने पहिल्या वाचनात दोन हरकती घेतल्या, शिकवणार कोण आणि मुलं किती येतील. पहिलीचं उत्तर प्राध्यापकांनी दिलंय, ते स्वतः शिकवणार आहेत. दुसरीसाठी मी मागच्या काही वर्षांचे ट्रान्सक्रिप्ट काढून बसलेय आणि दोन क्वार्टरवर थांबलेल्या मुलांची यादी करतेय. कॅल्क्युलससाठी सिरीजचा असाच छोटा कोर्स काढता येईल का, ते मॅथ्सला विचारायचं अजून बाकी आहे.